साडभाऊंचा टीव्ही धरत नाही

संगणकाची पिवळी पिन टीव्हीच्या मागच्या पिवळ्या भोकात घालायची, एवढंच काम होतं. रंग ओळखता येणाऱ्या कोणालाही जमावं असं. मी टीव्हीच्या मागं डोकं घातलं, धुळीनं शिंकलो, पिन घातली, बाहेर आलो आणि मोठं ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा सगळ्यांकडे पाहत उभा राहिलो. टीव्हीवर काहीच नाही. रिमोटची सगळी बटणं दाबून झाली. रिमोटच्या पाठीवर थापा मारून झाल्या. सेल काढून, पुसून, जागा बदलून परत घालून झाले. आमच्या भागाची लाइन, म्हणजे वीज, जायची वेळ जवळ आली तरी पडदा आपला काळाच. तेव्हा खुर्चीत शांत बसून हा तमाशा पाहणारे माझे साडभाऊ म्हणाले, "साडभाऊ, पिन टीव्हीत लावली असती तं बरं झालं असतं." मी पुन्हा वाकून पाहिलं. पिन मी टीव्हीच्या खाली ठेवलेल्या व्हीसीडी प्लेअरच्या पिवळ्या भोकात घातली होती. बरं, हे त्यांनी मी घालत होतो तेव्हाच पाहिलं होतं. मी चिडून विचारलं, "मंग तेव्हाच काहून नाही सांगतलं?" तर म्हणाले, "म्हनलं, तुमची काही वेगळी पद्धत असन."

माझ्या साडभाऊंनी जन्मात एकही गोष्ट जुळवून पाहिल्याशिवाय जोडली नाही, आणि मी जन्मात एकही गोष्ट जुळवून पाहून जोडली नाही. तरी आमचं दोघांचं जमलं, कारण ते आम्ही जमवलेलं नव्हतं. आमच्या सासऱ्यांनी थोरली मुलगी दिग्रसला दिली, धाकटी यवतमाळला माझ्या पदरात टाकली आणि त्या दोघी बहिणींनी आम्हा दोघांना एकमेकांच्या शेजारी पंगतीला बसवलं. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात आणि दोघंही एकमेकांना तेच म्हणतात. ते माझ्याहून बरेच मोठे, केस पांढरे, आवाज गाडीवानाला थांबवण्याच्या सवयीचा. मी पाटबंधारे खात्यातला कारकून, आवाज साहेबाला न दुखावण्याच्या सवयीचा. तरीही हाक एकच. त्यामुळे आम्ही दोघं बोलत बसलो की शेजारच्या खोलीत कोण कोणाला रागवतंय हे कळत नसे. बहुतेक वेळा ते मला रागवत असत.

ते कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागली की प्रत्येक गाडीपाशी जायचं, मूठभर कापूस उपसायचा, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा, आणि धागा किती लांब, माल किती ओला, किडक्या कापसाची कवडी किती, हे पाहून प्रत सांगायची. ही चिमूट नोकरीपुरती राहिली असती तर कोणाची तक्रार नव्हती. पण ती बोटं घरी येऊनही सुटीवर जात नसत. मी नवा शर्ट घालून समोर गेलो की "बसा" म्हणायच्या आधी त्यांची चिमूट माझ्या बाहीला लागलेली असे. गादीच्या दुकानात ते शिवण उसवून आतली रुई ओढून पाहत आणि दुकानदार हातापाया पडेपर्यंत सोडत नसत. एकदा आम्ही दोन्ही घरं मिळून कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. देवळाबाहेर माझ्या मुलीनं काडीवरचे गुलाबी बुढ्ढी के बाल घेतले. साडभाऊंनी नकळत चिमूट पुढे केली, एक झुपका ओढला, डोळ्यांपुढे धरून उन्हात पाहिला आणि म्हणाले, "धागा लांब हाये, पन माल ओला हाये." मुलीनं भोकाड पसरलं. तिला दुसरी काडी घेऊन दिली तर तीही त्यांनी तपासली.

दुसरं असं की एका नमुन्यावर त्यांचा विश्वास नव्हता. गाडीत वर चांगला माल पसरून खाली ओला भरणारे त्यांनी उभ्या जन्मात इतके पाहिले होते की गाडी कोणतीही असो, वरून, मधून आणि खालून असं तीन ठिकाणचं घेतल्याशिवाय ते मत देत नसत. माझी बायको चिवड्याचं ताट पुढे करी, तर ते वरचा घास घेत, मग चमचा मध्ये खुपसत, मग ताट तिरपं करून तळाचा. मग मान डोलवत. स्टँडवर पुसदची गाडी किती वाजता हे चौकशीच्या खिडकीत विचारत, मग पानठेल्यावर, मग एखाद्या म्हातारीला. तिघांची तीन उत्तरं आली की समाधानानं म्हणत, "आता समजलं. कोनालेच माहीत नाही." लग्न ठरवतानासुद्धा त्यांनी मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं, "चहात साखर किती घेता?" एका घरात दोन तऱ्हेचा चहा व्हायला नको, ही त्यांची काळजी. ताई, म्हणजे माझी मेहुणी, खाली मान घालून म्हणाली, "तुमी आनून द्यान तेवढी." हा नमुना त्यांना वरून, मधून, खालून सगळीकडून पसंत पडला असावा, कारण पुढे ते बाकी कुठेच मुलगी पाहायला गेले नाहीत.

आणि जुळवून पाहणं! बल्ब आणायचा तर जुना बल्ब खिशात. चपला आणायच्या तर कागदावर पायाचा आकार, कारण "दुकानात पाय फुगते." आमच्या मोरीचा नळ गळत होता तेव्हा त्यांनी तो नळच काढून पिशवीत टाकला आणि बाजारात जुळवायला घेऊन गेले. भोकाला बोळा लावायचं काम माझ्याकडे होतं. ते परत येईपर्यंत मी मोरीत बोळा धरून उभा होतो, आणि ते परत येईपर्यंत तीन दुकानं झाली होती, कारण नमुना एका दुकानात घेऊन चालत नाही. भिजून मी त्यांना काही बोलणार, तोच ते माझ्याकडे निरखून म्हणाले, "तुमचा बोळा बारीक पडला."

ती वर्षं कापसाची वाईट होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव सारखं येई आणि ज्या कारणानं येई ते घरात कोणी मोठ्यानं वाचत नसे. केंद्रं उशिरा उघडत, लवकर मिटत. रांगेतल्या माणसांचे चेहरे असे झाले होते की साडभाऊंना चिमटीतला धागा पाहावा की समोरचा माणूस पाहावा हे कळेना. ओला माल त्यांच्या बोटांना ओला लागायचा आणि तोंडून कोरडा म्हणून निघायचा. हे फार दिवस चालणारं नव्हतं. वरच्यांनी बोलावून विचारलं, साडभाऊ म्हणाले, "अंगठा म्हातारा झाला जी," आणि मुदतीच्या आधीच घरी बसले. ज्या माणसाला हंगामात दिग्रसच्या रस्त्यावरून चालताना चार पावलांवर चार नमस्कार पडत, त्याला आता कोणी हटकेना. दोष कोणाचाच नव्हता. नमस्कार करणारे स्वतःच घराबाहेर पडत नव्हते.

तरी तेव्हा ताई होती. घरात बोलायला माणूस होतं. मग एका उन्हाळ्यात ताईच गेली. फार आजारीही नव्हती.

तेराव्याचं सगळं आटोपून आम्ही यवतमाळला परत निघालो, तेव्हा साडभाऊ आम्हाला स्टँडवर सोडायला आले. माझी बायको पुढे जाऊन गाडीत बसली होती. साडभाऊ माझ्या बाहीला नुसते धरून उभे होते, ओढून पाहत नव्हते. म्हणाले, "साडभाऊ, एक इचारतो. आपन साडभाऊ कोनाच्यानं? दोघी बहिनी होत्या म्हनून. आता त्यातली एक नाही. मंग आपन एकमेकाचे कोन लागतो?" मी आपला हसलो. म्हणालो, "अहो, असं कुठं असते काय?" ते हसले नाहीत. जुळवून पाहिलं आणि जुळत नाही असं दिसलं, म्हणजे त्यांचा चेहरा जसा होई, तसा झाला होता.

त्या वर्षी दिवाळीला ते आले नाहीत. दर वर्षी दोन्ही घरांची दिवाळी आमच्याकडे असे. बायकोनं दोनदा फोन केला, तर म्हणाले, "यीन ना. काही काम निघालं की यीन." बायको फोन ठेवून म्हणाली, "आपल्या घरी याले भाऊजीले आता काम पायजे!" आणि चकलीचा सोऱ्या जरा जास्तच जोरात दाबू लागली. मुलगा त्यांचा बंगलोरला. तो न्यायला तयार होता. ते एकदा जाऊनही आले. महिनाभर राहायचं म्हणून गेलेले आठवड्यातच परत. काय झालं विचारलं तर म्हणाले, "सून चांगली हाये, पोरगा चांगला हाये, नातू तं लयच चांगला हाये. पन तिथं मी कोन्याच भोकात बसत नाही." मुलानं मग आपला जुना संगणक पाठवून दिला आणि नातवाचे फोटो, त्याचं रांगणं, उभं राहणं, पडणं, असं सगळं संगणकातच चालणाऱ्या सीडीवर भरून पाठवू लागला. दिग्रसला विजेचा दाब कधी इतका वाढतो, कधी इतका पडतो, की पहिल्याच महिन्यात संगणकाचा पडदा जळाला. राहिली खालची पेटी. नातू त्या पेटीत, आणि बाहेर यायला काच नाही.

साडभाऊंना काम सापडलं.

पेटी टीव्हीला जोडली तर टीव्हीवर दिसतं, असं त्यांना तिथल्या टीव्ही मेकॅनिकनं सांगितलं होतं. या मेकॅनिकला सगळं गाव चाचा म्हणे. चाचांनी टीव्हीची पाठ उघडून पाहिली आणि म्हणाले, "मियाँ, सेट पुराना है, मगर दिल बडा है. पकड लेगा." साडभाऊ हे आम्हाला फोनवर सांगत आणि पुढे म्हणत, "चाचा सांगते तसं, पन आमचा टीव्ही काही धरत नाही. साफ अंधार. आता खोट पेटीत हाये का टीव्हीत, हे पाहाचं तं दुसरा टीव्ही पायजे. तुमच्या टीव्हीवर लावून पाहू काय?" तीन ठिकाणचा नमुना घेणाऱ्या माणसाचं हे म्हणणं मला इतकं रास्त वाटलं की मी म्हणालो, "घेऊन या!"

मला वाटलं, एखादी वायर घेऊन येतील. ते अख्खी पेटी मांडीवर घेऊन एसटीनं आले. येताना कंडक्टरनं अडवलं होतं, ते त्यांनी आल्या आल्या दोन्ही आवाजांत करून दाखवलं.

"बाबाजी, हे काय हाये?"

"कांपुटर."

"लगेज लागन मंग."

"मांडीवर घेतलं ना बाप्पा. जागा कुठं अडवली?"

"मांडीवर घेतलं म्हनून काय पोट्टं झालं काय ते?"

"पोट्टंच हाये. माहा नातू हाये याच्यात."

कंडक्टरनं पेटीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मंग हाफ काढा."

माझी बायको हसली. ताई गेल्यापासून भाऊजींच्या कुठल्या गोष्टीला ती पहिल्यांदाच हसली होती, आणि तिला हसताना पाहून साडभाऊंनी कंडक्टरचा आवाज पुन्हा एकदा काढून दाखवला.

त्याच दिवशी मी ती पिन व्हीसीडीत घातली. शेवटी ती योग्य भोकात गेली, तेव्हा टीव्हीवर चित्र आलं खरं, पण काळंपांढरं. आमचा टीव्ही रंगीत, नातू रंगीत, आणि दोघं मिळून काळेपांढरे. त्यातही चित्र हळूहळू वर सरकायचं, म्हणजे नातवाचे पाय वर आणि डोकं खाली. बायको समोर बसून मान तिरपी करकरून पाहत होती. "भाऊजी, नाक पाहा नं. ताईचंच." साडभाऊ म्हणाले, "थांब लहानी, नाक येऊ दे खालून." आम्ही तिघंही नाक येण्याची वाट पाहत बसलो. नाक आलं. ताईचंच होतं. आणि लाइन गेली.

मग ते दर पंधरा दिवसांनी रविवारी येऊ लागले. दिग्रसची लाइन कधी जाते, यवतमाळची कधी जाते, याचं गणित त्यांनी असं पक्कं बसवलं होतं की घरची गेली की निघायचं आणि आमची यायला पोचायचं. दर वेळी काहीतरी नवं जुळवून पाहायचं असे. कधी चाचाकडून आणलेली दुसरी वायर, कधी जाड पिन, कधी अर्थिंग. एकदा त्यांना वाटलं की आमच्या टीव्हीखालचं टेबल लोखंडी आहे म्हणून चित्र सरकतं, तर त्यांनी टीव्ही खाली उतरवून लाकडी पाटावर ठेवायला लावला. उतरवताना पाठ माझी गेली, चित्र सरकत राहिलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "यांच्या पाठीतच खोट असन भाऊजी, आता जुळवून पाहा." तपासणी संपली की जेवण, जेवण झालं की पान, पान झालं की "दिग्रसले गेल्यावर पुन्हा लावून पाहातो, पन धरन असं वाटत नाही" असं म्हणून पेटी पुन्हा मांडीवर. फाटकाशी ते नेहमी वळून विचारत, "लहानीले तरास तं नाही होत नं?" मी म्हणे, "कायचा तरास?" आणि मनात म्हणे, पाठ सोडली तर.

इथं माझा शहाणपणा जागा झाला. म्हातारा माणूस, इतकं ओझं, एसटीचे धक्के; आपण कर्तेसवरते; आपण हा प्रश्न सोडवून टाकला पाहिजे. मी ऑफिसात चौकशी सुरू केली. कोणता टीव्ही कोणत्या देशाचा इशारा समजतो, कोणाला दोन्ही समजतात, कोणाला एकच, असली चर्चा आमच्या टेबलावर फायली बाजूला सारून चाले. शेवटी एका सहकाऱ्यानं सांगितलं की नागपूरला एक छोटा डबा मिळतो. संगणक आणि टीव्ही यांच्या मध्ये तो लावला की कसलाही टीव्ही कसलाही संगणक मुकाट्यानं धरतो. पाहायचं नाही, जुळवायचं नाही, रंगीत आणि स्थिर. मी तो मागवून घेतला. साडभाऊंना फोनवर नुसतं सूचक बोललो, "एक डबा आहे म्हणे नागपूरला. बघतो." पलीकडे ते दोनदा खाकरले. मग म्हणाले, "कायले उगाच. महाग असन." मला वाटलं, भिडस्त आहेत.

डबा आला त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि न कळवता दिग्रसची गाडी पकडली. दारव्हा मागे पडलं तसा मी मनातल्या मनात तो प्रसंग रंगवत होतो: मी डबा काढतो, जोडतो, बटण दाबतो, साडभाऊ थक्क होतात, म्हणतात, साडभाऊ, मानलं तुमाले. यातलं शेवटचं वाक्य मी जरा जास्त वेळा म्हणवून घेतलं. स्टँडवरून घराकडे जाताना जिनिंगच्या कारखान्याच्या फाटकाला कुलूप होतं आणि आवारात बकऱ्या चरत होत्या. हंगाम असूनही रस्ता मोकळा होता.

घराचं फाटक उघडंच होतं. ओसरीवर चढलो. खिडकीचं एक दार लोटलेलं, दुसरं उघडं. हाक मारणार, तोच आत टीव्ही सुरू दिसला.

टीव्हीवर नातू होता. रंगीत. झबलं पिवळं, भिंत निळी, गाल असावेत तसे. चित्र जागचं हलत नव्हतं. खाली पेटी दिवा लावून घुमत होती आणि पेटीपासून टीव्हीपर्यंत एक साधी वायर गेली होती, पिवळ्या पिनेची. चाचा म्हणाले होते तेच खरं होतं. त्या जुन्या सेटनं सगळं धरलं होतं, आणि खोलीकडे पाहून ते आजच धरलं असेल असं वाटत नव्हतं. टीव्हीसमोर सतरंजी कायमची अंथरल्यासारखी होती. तिच्यावर साडभाऊ बसले होते, काचेच्या अगदी जवळ. खोलीत आवाज नव्हता. नातवाचं जावळ कपाळावर आलं होतं, आणि साडभाऊंनी अंगठा आणि बोट काचेला लावून ते हळूच ओढून पाहिलं. टीव्हीच्या काचेवर वीज असते ना, तिनं त्यांच्या हातावरचे पांढरे केस उभे राहिले. त्यांनी हात तसाच ठेवला.

पिशवीतला डबा मला एकदम जड वाटू लागला. मी आवाज न करता ओसरी उतरलो, अंगण ओलांडलं, फाटकाबाहेर गेलो, फाटक ओढून घेतलं आणि मग त्याची कडी अशी दणादणा वाजवली की शेजारचं कुत्रं उठलं. "साडभाऊ! हाय का घरी?" मी रस्त्यावरून ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी साहेबाच्या पाठीमागेसुद्धा बोललो नव्हतो. आत काहीतरी सरकलं, पडलं, भांड्यासारखं वाजलं. मी चपलेचा अंगठा तपासत मुद्दाम वेळ काढला. दार उघडलं तेव्हा साडभाऊंना धाप लागली होती, टीव्ही काळा होता, वायर गुंडाळून त्यांच्या हातात होती आणि सतरंजी कोपऱ्यात उभी.

"या या! अचानक?"

"ऑफिसचं काम होतं. म्हटलं, डोकावून जावं."

"बरं केलं. हे पाहा ना," वायर पुढे करत ते म्हणाले, "आत्ताच लावून पाह्यलं. नाही धरत."

"नाही धरत?"

"साफ अंधार."

मी टीव्हीच्या मागं जाऊन वाकून पाहिलं. सेटची पाठ अजून गरम होती. "बरोबर आहे," मी म्हणालो, "असा सेट धरणारच नाही."

साडभाऊंनी चहा टाकला. आम्ही ओसरीवर बसलो. त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली, आणि नजरेमागून हातही आलाच. बाहेरून चाचपून आतला माल ओळखायची जुनी सवय. मी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "फायली आहेत," मी म्हणालो. ते म्हणाले, "फाइल टोचते काय?" मी म्हणालो, "आमच्या खात्याच्या टोचतात." त्यांनी हात मागे घेतला. मग बशीतला चहा फुंकत, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "तुमी तं कायचा डबा भेटते म्हनत होते नागपूरले. त्याचं काय झालं?"

"तो माल बंद झाला म्हणे. आता येत नाही."

त्यांचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर होते हे मला तेव्हा कळलं. "म्हनलं नं मी," ते एकदम उत्साहानं म्हणाले, "हे काम घाईचं नाही. हे टाइम खाईन. एक एक गोष्ट पाहून पाहून कराव लागन." आणि आत जाऊन माझ्यासाठी शेंगदाण्याचा लाडू घेऊन आले. मी तो घेतला, आणि काय झालं कोणास ठाऊक, आधी वरून थोडा खाल्ला, मग मधून, मग खालून. त्यांनी ते पाहिलं. हसले. मग स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "मंग रविवारी आनतो पेटी? तुमच्या टीव्हीवर एक बारी निळी वायर पाहाची हाये. लहानीले चालन नं?"

"आणा," मी म्हणालो. "आमचा टीव्ही तुमची वाटच पाहून राह्यला."

हे वाक्य टीव्हीच्या नावावर खपवलं म्हणून बोलता आलं. गाडी सुटेपर्यंत ते खाली उभे होते. मग रिकाम्या रस्त्यानं परत निघालेले दिसले, हात मागे बांधून, रांग तपासत चालल्यासारखे. फक्त रांग तेवढी नव्हती. ते घरी पोचतील, सतरंजी अंथरतील, वायर लावतील, हे मला खिडकीच्या बाहेर पाहताना दारव्ह्यापर्यंत दिसत राहिलं.

घरी आलो तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. बायकोनं पिशवी घेतली, डबा तसाच पाहून विचारलं, "काहून हो, भाऊजी घरी नव्हते काय?" मी हातपाय धुतले आणि सगळं सांगितलं. फाटकाची कडी वाजवल्याचंही सांगितलं. मला वाटलं, या ठिकाणी ती हसेल. ती हसली नाही. डबा तिनं कपाटाच्या वरच्या खणात, सणाच्या भांड्यांच्या मागे सरकवून दिला आणि कपाट लावून तिथंच पाठमोरी उभी राहिली.

"रविवारी आले नं भाऊजी," ती तशीच म्हणाली, "तं ती पेटी इथंच ठेवून घेजा. या वयात एवढं वजन कायले वाहाव त्यायनं? म्हना, पेटी इथं राहू द्या, आमी जपतो. तुमी नुसते येत जा."